सायप्रसचं पाखरू, धामणगावची दादर

पौष सरत आला की बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढ्याच्या शिवारातली दादर दाण्यावर येते. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी. पुण्या-सोलापूरकडे जिला शाळू म्हणतात ती. सकाळी सात-सव्वासातची वेळ. धुऱ्यावरच्या गवतावर दव असतं, ऊन दिसतं पण अंगाला लागत नाही, आणि माणसाची चाहूल लागताच दादरच्या एका कोपऱ्यातून शे-दीडशे पाखरांचा थवा भर्रकन उठतो. लांबून पाहिलं तर चिमण्याच. थवा एक गिरकी घेऊन धुऱ्यावरच्या बाभळीवर बसतो, कोवळं ऊन त्यांच्या पोटावर पडतं आणि ती काटेरी बाभूळ अवेळी फुलावर आल्यासारखी पिवळी होऊन जाते.

हा काळ्या डोक्याचा भारीट. गेल्या डिसेंबरात या पाखराबद्दल मला एक फोन आला, तिथून हा लेख सुरू होतो.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. नाताळच्या सुट्टीत तिथली थंडी नको म्हणून तो आणि त्याची बायको आठवडाभर सायप्रसला गेले होते. भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाचं हे बेट. युरोपातली पुष्कळ माणसं हिवाळ्यात अशा बेटांवर जातात आणि त्यातली कितीतरी दुर्बीण घेऊन पक्षी पाहत हिंडतात. पुतण्यालाही तो नाद लागलेला. लार्नाका शहराजवळच्या खाऱ्या तळ्यावर त्याने रोहित पाहिले, पाणथळीत बदकं पाहिली. एका संध्याकाळी फोन आला. म्हणाला, ‘‘काका, इथल्या पक्ष्यांच्या पुस्तकात एक सुंदर पिवळा पक्षी आहे. काळं डोकं, विटकरी पाठ. इथे भरपूर असतो म्हणतात, पण चार दिवस शोधतोय, एकही दिसला नाही. हॉटेलातला माणूस सांगतो, एप्रिलमध्ये या.’’

मी त्याला चित्र पाठवायला सांगितलं. चित्र आलं, आणि मी त्याला म्हटलं, ‘‘अरे, तो तिथे कसा दिसेल? तो आत्ता आपल्या दादरीत बसलाय.’’

या पाखराचा हिशेब साधा आहे. ग्रीस, बाल्कन देश, सायप्रस, तुर्कस्तान, इराण हे त्याचं घरटं बांधण्याचं क्षेत्र. तिथल्या द्राक्षमळ्यांत, ऑलिव्हच्या बागांत, झुडपांच्या कुंपणांत मे-जूनमध्ये पिल्लं होतात. उन्हाळा सरू लागला की ती सगळी जमात तिथून उठते आणि पूर्वेकडे, आपल्या दिशेने निघते. तिचा हिवाळा मुख्यतः पश्चिम आणि मध्य भारतातल्या शेतांत जातो. म्हणजे सायप्रसच्या पुस्तकात ज्याचं चित्र असतं, तो पक्षी वर्षातले सहा-सात महिने आपल्या बाजूला असतो. सायप्रस ते धामणगाव अंतर सरळ रेषेत मोजलं तरी साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. पक्षी सरळ रेषेत येत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात ते याहून जास्त उडतात. आणि पाखराचं वजन? तीस ग्रॅमच्या आतबाहेर. मूठभर शेंगदाणे तोलले तर तेवढेच भरतील.

युरोपात घरटं करून हिवाळ्यात दूरच्या प्रवासाला निघणारे बहुतेक पक्षी दक्षिणेला, भूमध्य समुद्र ओलांडून आफ्रिकेत जातात. सायप्रसहून आफ्रिका हाकेच्या अंतरावर आहे. असं असताना हा भारीट उलटा पूर्वेला का येतो? अभ्यासकांचा कयास असा की ही जात मुळात पूर्वेकडची. पिढ्यान् पिढ्या ती हळूहळू पश्चिमेकडे पसरत गेली, शेती वाढली तशी नवी राहण्याजोगी रानं तिला मिळत गेली, पण हिवाळ्याला जायची वाट मात्र तिने जुनीच ठेवली. हे मला फार आपलंसं वाटतं. आमच्या भागातली कितीतरी घरं पोटापाण्यासाठी सुरतेला, पुण्याला गेली. दिवाळीला मात्र ती गावाकडेच येतात. वाट लांबली तरी ती बदलत नाही.

असा पूर्वेचा रस्ता धरणारा हा एकटाच नाही. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून येणारी भोरडी, म्हणजे गुलाबी मैना, हीही त्यातलीच. तांबड्या गळ्याचा इवलासा माशीमार पूर्व युरोपातल्या जंगलात वाढतो आणि हिवाळ्यात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या झाडीत शेपटी उडवत ‘टर्रर्र’ करत बसतो.

पुतण्याने मग विचारलं, आणखी कोणते पक्षी दोन्हीकडे आहेत? त्या रात्री आम्ही दोघांनी याद्या ताडून पाहिल्या आणि मलाच नवल वाटलं. हिवाळ्यात त्या बेटावर दिसणारे कितीतरी पक्षी त्याच दिवसांत आपल्या मोताळा तालुक्यातही दिसतात. तेच भाऊबंद नव्हेत, पण जात तीच. पांढरा धोबी तिथे बंदरावरच्या फरशीवर धावतो, इथे ग्रामपंचायतीच्या हापशाजवळच्या ओलीत. कृष्ण थिरथिरा तिथे पडक्या दगडी भिंतीवर बसून शेपूट थरथरवतो, इथे वाड्याच्या ढासळलेल्या बुरुजावर. शंकर, दलदली भोवत्या, चक्रांग बदक, थापट्या, वारकरी, शेकाट्या: सगळे दोन्ही याद्यांत.

या नावांपाशी मला थोडं थांबायचंय, कारण आपल्या लोकांनी ही नावं नुसती ठेवलेली नाहीत, पाहून ठेवली आहेत. धोबी पक्षी शेपूट सारखी वर-खाली आपटतो, घाटावर कपडे आपटावेत तशी. शंकर हा चिमणीएवढा पक्षी; त्याच्या गळ्याशी निळा पट्टा, म्हणून नीलकंठ महादेवाचं नाव. थापट्याची चोच टोकाला रुंद, कुंभाराच्या थापटण्यासारखी. आणि वारकरी! कोळशासारखा काळा पाणपक्षी, कपाळावर पांढरा टिळा. गोपीचंदन लावलेल्या माळकऱ्याला पाहिलेल्या माणसालाच हे नाव सुचू शकतं. शिवाय हे वारकरी थव्याथव्याने पाण्यावर येतात, दिंडीसारखे. मारुती चितमपल्लींनी गावोगावची, आदिवासी पाड्यांवरची अशी नावं आयुष्यभर गोळा केली आणि ‘पक्षीकोश’ मराठीला दिला. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२चा, सोलापूरचा. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. स्थलांतरित पक्षी येऊन स्थिरावण्याचेच ते दिवस असतात.

आता एक गंमत सांगतो. सायप्रस बेटाचं क्षेत्रफळ सव्वानऊ हजार चौरस किलोमीटर आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्याचं साडेनऊ हजारांच्या थोडं वर. म्हणजे आपला जिल्हा त्या अख्ख्या बेटाहून किंचित मोठाच. त्यांचं लार्नाकाचं खारं तळं तसं आपलं लोणार. तेही खारं, अल्कधर्मी, जवळपास १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात साचलेलं. उल्का आदळून बेसॉल्टच्या कातळात झालेलं. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणार रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं. तिथल्या नोंदीत १६० जातींचे पक्षी आहेत, आणि त्यात हिवाळी पाहुणी छोटी लालसरीही आहे, जिची संख्या जगभर घटत चालली आहे. हीच छोटी लालसरी भूमध्य समुद्राकाठच्या तळ्यांवरही हिवाळा काढते.

एक फरक मात्र लक्षात ठेवण्यासारखा. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो. उन्हाळ्यात लार्नाकाचं तळं आटून मिठाचा पांढरा पापुद्रा उरतो. नोव्हेंबरपासून पाऊस लागतो, तळं भरतं, पाण्यात बारीक कोळंबीसारखे जीव होतात आणि ते खायला रोहित उतरतात. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. दिवाळीपर्यंत तळी, धरणं काठोकाठ भरलेली असतात आणि मग हिवाळाभर पाणी हळूहळू मागे सरत जातं. सरत्या पाण्याच्या काठाला दर आठवड्याला नवा चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किडे, अळ्या, गोगलगायी, गवताचं बी. तुतवार, टिलवे, शेकाटे यांचं ताट रोज नव्याने वाढलं जातं. म्हणून त्यांचा हिवाळा ओला आणि आपला कोरडा असूनही पाणपक्ष्यांना दोन्हीकडे पाणी मिळतं.

हे प्रत्यक्ष बघायचं तर आम्हाला नळगंगा धरण जवळ. नळगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेतून उतरते आणि उत्तरेला पूर्णेला मिळते. जानेवारीतल्या एका सकाळी पाण्याच्या शेपटाकडच्या उथळ भागात आम्ही दोघं-तिघं बसलो होतो. धुकं पाण्यापासून वीतभर वर उचललं गेलं होतं. समोर थापट्यांची एक जोडी गोल गोल फिरत होती, एकामागे एक, घाण्याला जुंपल्यासारखी. चोच पाण्याला समांतर, अर्धी बुडालेली. या चोचीच्या कडांना आतून कंगव्याच्या दातांसारखी बारीक झालर असते. फिरल्याने तळाचा गाळ ढवळून वर येतो, पाणी चोचीत जातं, कडेने बाहेर पडतं आणि झालरीत अन्न अडकून राहतं. आपण चहा गाळतो तेच. दुर्बिणीतून पाहताना चोचीच्या बाजूने सुटणारी पाण्याची पातळ धारसुद्धा दिसत होती.

तेवढ्यात पलीकडचे वारकरी एकदम एकमेकांना चिकटले. दीड-दोनशे काळे ठिपके होते, त्यांची एक काळी सतरंजी झाली. वर पाहिलं तर दलदली भोवत्या, पंख इंग्रजी व्हीसारखे किंचित वर धरून, पाणकणसांवरून सावकाश येत होता. घोळक्यातून एकाला वेगळं काढायचं हा त्याचा डाव, आणि घोळका फुटू द्यायचा नाही हा यांचा. भोवत्याने दोन चकरा मारल्या. वारकऱ्यांनी पाय आपटून पाणी उडवलं. तिसऱ्या चकरेला तो निघून गेला आणि सतरंजीचे पुन्हा ठिपके झाले. सगळं तीन-चार मिनिटांत. अशी तीन-चार मिनिटं मिळावीत म्हणून माणसं विमानाची तिकिटं काढून बेटांवर जातात. आम्ही मोटारसायकलवर गेलो होतो.

वाट कशी सापडते, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. भारीट रात्री उडतो. दिवसा उतरायचं, खायचं, अंधार पडला की निघायचं. रात्री हवा थंड आणि स्थिर असते, ससाणे झोपलेले असतात. पण अंधारात दिशा? अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी १९६०च्या दशकात यावर केलेले प्रयोग मला आजही थक्क करतात. त्यांनी इंडिगो बंटिंग हा पक्षी घेतला. (नावात बंटिंग असलं तरी तो आपल्या भारिटाच्या कुळातला नाही.) स्थलांतराचे दिवस आले की पिंजऱ्यातला पक्षीही रात्री झोपत नाही, जायच्या दिशेला सारख्या उड्या मारतो. एम्लेन यांनी नरसाळ्याच्या आकाराचा पिंजरा केला. तळाला शाईचा पॅड, कडेने टीपकागद, वरून आकाश मोकळं. रात्रभर पक्षी ज्या बाजूला उडी घेई, त्या बाजूच्या कागदावर त्याच्या शाईभरल्या पावलांचे ठसे उमटत. सकाळी कागद उलगडला की दिशा लिहिलेली.

मग त्यांनी हा पिंजरा तारांगणात ठेवला, जिथे आकाश आपल्या हाती असतं. पिल्लांच्या एका गटाला असं खोटं आकाश दाखवून वाढवलं, की ज्यात सारे तारे ध्रुवाभोवती न फिरता मृगातल्या काक्षी या ताऱ्याभोवती फिरतात. शरद ऋतू आला. ती पिल्लं काक्षीलाच उत्तर समजून तिच्या विरुद्ध दिशेला उड्या मारू लागली. म्हणजे पाखरू जन्मतः तारे पाठ करून येत नाही. घरट्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या उन्हाळ्यात ते रात्री आकाश बघतं, कोणता भाग फिरतो आणि कोणता जागेवर राहतो ते टिपतं, आणि जागेवर राहणाऱ्या भागावरून उत्तर ठरवतं. आपल्या ध्रुवबाळाच्या अढळपदाची गोष्ट आजी सांगते ती हीच की! पक्षी सूर्याचा, पृथ्वीच्या चुंबकत्वाचा, नद्या-डोंगरांच्या खुणांचाही आधार घेतात. एक साधन ढगांनी झाकलं तर दुसरं असतं.

निघायचं कधी, हे दिवसाच्या लांबीवरून कळतं. डिसेंबर अखेरीस आपल्याकडे दिवस अकरा तासांना थोडा कमी असतो, सायप्रसमध्ये पावणेदहा तासांच्या आसपास. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस वाढू लागतो तशी पाखराच्या शरीरात घड्याळाची किल्ली फिरते. भूक वाढते, कातडीखाली पिवळसर चरबी साचते, वजनात तिसऱ्या हिश्शाची तरी भर पडते. ही चरबी म्हणजे प्रवासाची शिदोरी. काळ्या आणि लाल डोक्याच्या भारिटांवर या बाबतीत आपल्या देशातल्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे: कृत्रिम दिव्याने दिवस लांबवला की ही पाखरं ऐन हिवाळ्यातही लठ्ठ होतात आणि रात्री जागी राहू लागतात. बाहेर थंडी असली तरी प्रकाशावर त्यांचा विश्वास जास्त.

मग आमच्या दादरीचं त्यांच्या प्रवासातलं स्थान ध्यानात येतं. शिदोरी बांधली जाते ती इथे.

दुर्बीण न लावता, धुऱ्याआड बसून मी एकदा एका भारिटाला दहा-बारा हातांवरून खाताना पाहिलं. कणसावर तो उतरला तेव्हा ताट वाकलं आणि पुन्हा सावरलं. चोच जाड, शंकूसारखी, राखाडी-निळसर. कणसातून एक दाणा उपटायचा, तो तसाच गिळायचा नाही. जिभेने फिरवत चोचीच्या धारेवर आणायचा, हलकेच दाबायचा, आणि टरफल खाली सोडून द्यायचं. खाली दवात भिजलेल्या पानावर ती टरफलं एकेक करून पडत होती. डोकं अजून नीट काळं नव्हतं, धूळ बसल्यासारखं मळकट होतं. याचंही कारण आहे. इथे हिवाळ्यात नरांना नवी पिसं येतात. डोक्यावरची पिसं मुळाशी काळी असतात, पण टोकं फिकी. ही फिकी टोकं दिवसेंदिवस झिजत जातात आणि आतला काळा रंग उघडा पडतो. मार्चपर्यंत नर लग्नाला उभा राहील असा दिसतो. त्यासाठी आणखी नवं पीस न घालता, नुसतं आलेलं झिजवून! मादी मात्र बारा महिने मातकट राहते, म्हणून थव्यातली निम्मी पाखरं आपण चिमण्या म्हणून सोडून देतो.

दादर राखणाऱ्याला यात कौतुक वाटावं असं काही नाही, हेही मान्य केलं पाहिजे. शे-दीडशे पाखरं रोज सकाळ-संध्याकाळ कणसांवर उतरली तर धान्य जातं. आणि भोरड्या आल्या तर हजारांनी येतात. आमच्या लहानपणी शेतात माळा असायचा, त्यावर घरातलं कोणीतरी गोफण घेऊन उभं. गोफणीचा फटका, ‘हाऽऽ हुर्रर्र’ची आरोळी, डबा वाजवणं. पाखरं या वावरातून त्या वावरात जायची. गाव सगळं दादरीचं असल्यामुळे नुकसान वाटलं जायचं, कुणा एकाचं सगळं जात नव्हतं.

आता उलटं झालंय. खरिपात सोयाबीन, कापूस, मका; रब्बीत हरभरा आणि पाणी असेल तर गहू. ज्वारीचं क्षेत्र विदर्भात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत फार आकसलं. कारणं खरी आहेत: भाव नाही, मजूर नाही, सोंगणीला माणूस मिळत नाही. पण मग गावात ज्या एक-दोघांनी दादर पेरली, त्यांच्याच तुकड्यावर सगळी पाखरं येऊन पडतात, आणि तो शेतकरी पुढच्या साली ज्वारी सोडून देतो. ज्वारी कमी म्हणून पाखरं एकवटतात, पाखरं एकवटली म्हणून ज्वारी आणखी कमी. हे चक्र मला डोळ्यांसमोर फिरताना दिसतं आणि जीव तुटतो, पाखरासाठी आणि त्या शेतकऱ्यासाठीही. २०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. ज्वारीच्या भाकरीचे गुण सगळ्यांनी सांगितले. राखण करणाऱ्याच्या मजुरीबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही. शेताच्या कडेच्या दोन ओळी पाखरांच्या म्हणून सोडायच्या आणि तेवढ्याची भरपाई शेतकऱ्याला द्यायची, एवढी साधी गोष्ट आपण का करू नये? भोरड्या कणसं खातात तशा टोळ आणि अळ्याही खातात, पळसाच्या फुलांतला मध पिताना परागही नेतात. म्हणून तर त्यांना पळसमैना म्हणतात. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

सायप्रससारख्या बेटांवरचं दुःख वेगळं आहे. पुतण्याला तिथे एका पक्षिमित्राने सांगितलं, ते ऐकून तो हादरला. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत दरवर्षी सुमारे अडीच कोटी पक्षी बेकायदा मारले किंवा पकडले जातात, असा बर्डलाइफ इंटरनॅशनल या संस्थेचा २०१५चा अंदाज आहे. सायप्रसमध्ये छोटे गाणारे पक्षी पकडून त्यांचा पदार्थ करून खाण्याची जुनी रीत आहे. कायद्याने बंदी आहे, पण चोरून चालतंच. पकडायला जाळी लावतात, नाहीतर डिंक माखलेल्या काड्या झुडपात खोचून ठेवतात. पाखरू बसलं की चिकटलं. आणि हा डिंक कशाचा? भोकराच्या कुळातल्या फळांचा, उकळून काढलेला. आम्ही लहानपणी भोकराच्या चिकट गराने पतंग चिकटवायचो. तसंच फळ, तसाच चीक.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना अभय आहे. पेरणीच्या बियाण्याला लावलेलं विष आणि पिकावरची भरमसाट फवारणी मात्र कायद्याच्या नजरेत येत नाही. मेलेलं पाखरू सरीत पडतं, कुणी पाहतही नाही.

पक्षी बघायला सुरुवात करायची असेल तर फार काही लागत नाही. दुर्बीण घ्यायची तर ८×४२ असं लिहिलेली घ्यावी. आठ म्हणजे आठपट जवळ दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग मोठं तेवढा पहाटेच्या अंधुक उजेडात जास्त प्रकाश. दहापटीची घेतली तर हात हलला की चित्रही तेवढंच हलतं. कपडे मातकट रंगाचे. सूर्य पाठीशी ठेवायचा. आणि चालण्यापेक्षा बसणं जास्त. एका बाभळीखाली अर्धा तास गप्प बसलं की रान तुम्हाला विसरतं आणि आपल्या कामाला लागतं. वहीत तारीख, वेळ, जागा, किती दिसले, काय करत होते हे लिहावं. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे. नळगंगेसारख्या एखाद्या धरणावर दोन शाळकरी मुलांनी नीट मोजून नोंद पाठवली तरी ती जगाच्या हिशेबात धरली जाते.

ज्यांना जंगल हवं त्यांनी ज्ञानगंगा अभयारण्यात जावं, बुलढाणा ते खामगाव रस्त्यावरचं. साधारण २०५ चौरस किलोमीटरचं हे साग-अंजनाचं रान २०१९च्या डिसेंबरात एकाएकी देशभर गाजलं, कारण टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ पाच-सहा महिने चालत, सुमारे १३०० किलोमीटर तुडवत तिथे पोहोचला होता. गळ्यातल्या पट्ट्यामुळे त्याच्या प्रत्येक वळणाची नोंद झाली. त्याच रानात त्याच वेळी, गळ्यात काही नसलेले, त्याच्या तिपटीहून लांबून आलेले माशीमार आणि वटवटे झाडाझाडांवर होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दादर सोंगून झाली. शेतात पेंढ्या उभ्या होत्या आणि सांडलेले दाणे टिपायला भारीट खाली उतरले होते. नरांची डोकी आता काजळासारखी काळी झाली होती. पाडव्याच्या आसपास एका सकाळी गेलो तर बाभूळ रिकामी. मी पुतण्याला कळवलं: निघाले.

त्याने ते मनावर घेतलं होतं. एप्रिलच्या शेवटी चार दिवसांची रजा काढून तो पुन्हा सायप्रसला गेला. एका दुपारी त्याने आवाज पाठवला. द्राक्षमळ्याच्या तारेवर बसून नर गात होता. आधी दोन-तीन तुटक सूर, मग ते जुळत जुळत भराभर उतरत जाणारी एक गोड तान, पुन्हा पहिल्यापासून. मी ते तीनदा ऐकलं. सहा महिने हे पाखरू आमच्या शिवारात राहतं, पण गाणं जोडीदारिणीसाठी आणि घरट्याच्या जागेसाठी असतं, त्यामुळे इथे ते क्वचितच कानावर येतं. इथे फक्त खाताना, उडताना एकमेकांना दिलेली हाक.

संध्याकाळी दादरवाल्या आबांच्या ओट्यावर जाऊन त्यांना फोन कानाला लावून दिला. सत्तरी ओलांडलेल्या आबांनी उभी हयात ही पाखरं हाकलण्यात घालवली आहे. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

‘‘हे आपलंच का?’’

‘‘आपलंच, आबा.’’

‘‘मंग इथं काऊन नाय बोलत असं?’’ म्हणाले, आणि पुन्हा लावायला सांगितलं.